आपोआप उघडणाऱ्या डिकीला डोळे नसतात

सोसायटीत नवी एसयूव्ही आली की पेढ्यांच्या पाठोपाठ सनरूफचं आणि डिकीचं प्रात्यक्षिक होतं. मालक किल्लीवरचं बटण दाबतो, दिवे लुकलुकतात, बीप वाजतो आणि मागचं भलंमोठं दार सावकाश वर जातं. बघणाऱ्यांत एखादा जाणकार असतोच. ‘हायड्रॉलिक आहे,’ तो सांगतो. दुसरा म्हणतो, ‘सेन्सर आहेत, मध्ये कोणी आलं तर लगेच कळतं त्याला.’ तिसऱ्याची वेगळीच काळजी, ‘पण बॅटरी खात असेल हं.’ ही वाक्यं गॅरेजपासून शोरूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. त्यातलं एक चुकीचं आहे, एक अर्धवट आहे आणि एक उगाच घाबरवणारं. पूर्वी ही सोय फॉर्च्युनर, एंडेव्हर अशा मोजक्या गाड्यांपुरती होती. 2019 साली आलेली एमजी हेक्टर आणि 2023 साली नव्या रूपात आलेल्या टाटा हॅरियर-सफारी यांच्यामुळे ती बऱ्याच घरांत पोचली आहे. तेव्हा आत काय चालतं ते एकदा नीट पाहून घेतलेलं बरं.

‘त्या दांड्यात हायड्रॉलिक आहे’

साध्या, हाताने उघडायच्या डिकीला दोन बाजूंना जे काळे दांडे असतात, त्यांना गॅरेजवाले शॉकर म्हणतात. त्यांत दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू असतो. सील ओलं राहावं आणि दांडा शेवटी धाडकन आदळू नये म्हणून थोडंसं तेलही असतं. ‘हायड्रॉलिक’ हे नाव बहुधा त्या चमचाभर तेलाला चिकटलं असावं. वजन उचलतो तो वायूचा दाब.

आपोआप उघडणाऱ्या डिकीचा दांडा बाहेरून तसाच दिसतो, जरा जाड असतो इतकंच. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याच्या पोटात तेलही नसतं आणि वायूही नसतो. एका टोकाला छोटी विजेची मोटर, तिला जोडलेला गिअरचा संच, त्यापुढे आटे पाडलेला लांब स्क्रू आणि त्यावर बसलेला नट. मोटर फिरली की स्क्रू फिरतो, नट पुढे सरकतो आणि दांडा लांब होतो. या सगळ्याभोवती एक मजबूत पोलादी स्प्रिंग असते. काही गाड्यांत मोटर एकाच बाजूच्या दांड्यात असते आणि दुसऱ्या बाजूला नुसती स्प्रिंग किंवा वायूचा शॉकर असतो, पण दोन्ही दांडे दिसायला जवळपास सारखेच. त्यामुळे ‘एका बाजूचं चाललंय, दुसऱ्या बाजूचं बंद पडलंय’ असं कोणी सांगितलं, तर दुसऱ्या बाजूला मुळात मोटर होती का, हे आधी विचारावं.

इथेच दुसरा गैरसमजही सुटतो. एवढीशी मोटर पंचवीस-तीस किलोचं दार उचलते कशी? ती उचलतच नाही. वजनाचा बहुतेक भार स्प्रिंग पेलते. दार आणि स्प्रिंग हे तागडीच्या दोन पारड्यांसारखे जवळजवळ समतोल ठेवलेले असतात, आणि मोटरचं काम पारडं इकडून तिकडे झुकवण्याएवढंच.

हा समतोल सगळ्या उंचीवर सारखा राहत नाही, आणि गंमत त्यातच आहे. डिकी बंद असते तेव्हा दांडा बिजागराच्या अगदी जवळून जातो. जोर कितीही असला तरी त्याला तरफ मिळत नाही, म्हणून तो दाराला फारसं हलवू शकत नाही. साधी डिकी उघडताना पहिली वीतभर हाताने उचलावी लागते आणि मग ती आपणहून वर जाते, त्याचं कारण हेच. आपोआप उघडणाऱ्या डिकीत ती पहिली वीत मोटरच्या वाट्याला येते. दार आडवं होईपर्यंत त्याच्या वजनाची तरफ वाढत जाते, पण तोवर दांड्याचा कोनही सुधारलेला असतो. डिकी उघडताना मोटरचा आवाज सुरुवातीला जड आणि पुढे हलका होताना ऐकू येतो, तो बिघाड नव्हे.

थंडीत डिकी ‘आळसावते’, आणि कधी खालीही येते

वायूच्या शॉकरवर थंडीचा परिणाम होतो, ही गॅरेजवाल्याची थाप नाही. बंद जागेतल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात 45 अंशांना जो दाब असेल, तो निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे 5 अंशांना सुमारे आठव्या हिश्श्याने कमी झालेला असतो. शॉकर नवा असेल तर जाणवणार नाही. पाच-सात वर्षांचा, थोडा गळका असेल तर डिकी अर्ध्यावर थबकेल किंवा डोक्यावर येईल. पोलादी स्प्रिंगला हा त्रास जवळजवळ नाही. दांड्यात स्प्रिंग आली, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘मोटर आहे ना, मग दार खाली पडणं शक्यच नाही’ असं मानणाऱ्यांसाठी एक खरी घटना. 2015 साली जनरल मोटर्सने ब्यूक एन्क्लेव्ह, शेव्हरोले ट्रॅव्हर्स, जीएमसी अकेडिया आणि सॅटर्न आउटलुक या गाड्या परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या पावणेसात लाखांहून अधिक होती. या गाड्यांची डिकी मोटरने उघडत असे, पण तिला तोलून धरायला वायूचे शॉकर होते. धूळ-माती सीलमध्ये शिरून ते झिजत, वायू गळून जाई आणि उघडलेलं दार खाली उभ्या माणसावर येई. अशा वेळी मोटरने ते ओळखून दाराचा वेग आवरावा अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ती पुरी पडली नाही. दुरुस्ती म्हणून मोटरच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर बदललं गेलं. सांगायचं ते एवढंच की तोलून धरणारा भाग आणि हलवणारा भाग वेगवेगळे असतात. तोलणारा थकला की हलवणाऱ्याच्या भरवशावर खाली उभं राहू नये. उघडलेली डिकी जागेवर न राहता इंच-दोन इंच खाली सरकू लागली, तर ती ‘जरा ढिली झालीय’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

‘सेन्सर आहेत, बोट सापडणारच नाही’

या गैरसमजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीच्या बहुतेकांत फार तर पैसे जातात.

बऱ्याच जणांची कल्पना अशी की डिकीला कॅमेरा किंवा रडार आहे आणि मध्ये आलेली वस्तू तिला ‘दिसते’. बहुतेक गाड्यांत असं काहीही नसतं. मोटरच्या आसावर एक छोटं चुंबक असतं आणि शेजारी हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेल्या चुंबकीय परिणामावर तो चालतो. मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला तो विजेचे ठोके देतो आणि कंट्रोल युनिट ते मोजतं. किती ठोके झाले यावरून दार कुठे आहे ते कळतं, आणि दोन ठोक्यांतलं अंतर किती यावरून त्याचा वेग. ठोके अपेक्षेपेक्षा सावकाश यायला लागले किंवा मोटर जास्त वीज ओढायला लागली, तर युनिट समजतं की दार कशाला तरी अडलं आहे. मग दार थांबतं आणि उलट फिरतं. आपोआप वर जाणारी खिडकीची काच याच तत्त्वावर चालते.

आता नीट बघा. अडथळा कळण्यासाठी दार आधी त्याच्यावर आदळावं लागतं आणि काही जोर लागावा लागतो. शिवाय हा हिशोब जाड, टणक वस्तूंना पकडतो. ओढणी, पदर, बॅगेचा पट्टा यांनी मोटरचा वेग बदलतच नाही, त्यामुळे ते दारात खुशाल सापडतात. काही गाड्यांत दाराच्या दोन कडांना दाब ओळखणाऱ्या रबरी पट्ट्या जास्तीच्या बसवलेल्या असतात. त्यांनी काम सोपं होतं, पण पट्टी जिथे नाही तिथे तिचा उपयोग नाही.

सगळ्यात धोक्याचा टप्पा शेवटचा. दार चौकटीला टेकतं तेव्हा कुलूप अर्धं लागतं, आणि मग कुलपातली वेगळी मोटर दाराला आत ओढून घेते. डिकीभोवतीचं जाड रबर दाबून बसवायचं असतं, म्हणून हा ओढा चांगला जोरदार असतो. या शेवटच्या अंतरात रबराचा विरोध आणि लहान मुलाच्या बोटाचा विरोध यांत फरक करणं यंत्राला अवघड जातं. म्हणूनच गाड्यांच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की दार पूर्ण बंद होण्याच्या बेतात असताना अडथळा ओळखला जाईलच असं नाही, आणि सुरक्षेची चाचणी म्हणून हात मध्ये घालू नका. तरीही नातेवाइकांसमोर हात घालून दाखवणारे महाभाग आहेत. घरात लहान मूल असेल, तर बंद करायचं बटण दाबण्याआधी ते कुठे उभं आहे ते पाहा, आणि दार बंद होईपर्यंत तिथून हलू नका.

छताचंही असंच. डिकी वर जाताना बेसमेंट पार्किंगची तुळई किंवा पाइप तिला आधी दिसत नाही. टेकल्यावर कळतं, आणि तोवर रंगाला ओरखडा गेलेला असतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हा ओरखडा पुष्कळ गाड्यांवर दिसतो, आणि तो टाळणं फुकटात जमतं. डिकी हव्या त्या उंचीवर थांबवायची आणि तिच्यावरचं बंद करायचं बटण तीनेक सेकंद, बीप ऐकू येईपर्यंत, दाबून धरायचं. पुढच्या वेळेपासून ती तिथेच थांबते. पद्धत गाडीप्रमाणे थोडी बदलते, पण सोय बहुतेकांत असते. घरातल्या बुटक्या माणसाचा हात दारापर्यंत पोचत नसेल, तर त्यालाही हाच उपाय.

लाथ मारायची नसते

पाय हलवून डिकी उघडायची युक्ती 2013 च्या फोर्ड एस्केपमुळे जगभर गाजली. तेव्हापासून लोक बंपरखाली झाडू मारल्यासारखा पाय डावी-उजवीकडे फिरवताना दिसतात, आणि डिकी ढिम्म. बंपरच्या प्लास्टिकमागे वर-खाली अशा दोन लांब तारा असतात. माणूस जवळ आला की त्यांच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र बदलतं. वरच्या तारेला नडगी कळते, खालच्या तारेला पाऊल. दोन्ही बदल ठरावीक वेळात घडले आणि लगेच मागे गेले, तरच हुकूम मान्य होतो. म्हणून पाय सरळ आत घालायचा आणि सरळ बाहेर काढायचा. ह्युंदाई टुसाँसारख्या गाड्यांत तर पाय लागतच नाही. किल्ली खिशात ठेवून मागे तीनेक सेकंद उभं राहिलं की पुरे.

किल्ली जवळ असल्याशिवाय यातलं काहीही चालत नाही, त्यामुळे मांजर बंपरखालून गेलं म्हणून डिकी उघडेल ही भीती सोडून द्या. भीती बाळगायची ती वॉशिंग सेंटरवर. पाण्याचा मोठा झोत बंपरवर बसला की त्या तारांना पाय आल्यासारखंच वाटू शकतं. किल्ली गाडी धुणाऱ्या पोराच्या खिशात असली, तर फेस थेट आतल्या सीटपर्यंत. किल्ली लांब ठेवा किंवा स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये पायाचा सेन्सर तेवढ्यापुरता बंद करा. आणि मागे लोखंडी बंपर गार्ड लावल्यावर हा सेन्सर चालेनासा झाला, तर दोष गाडीचा धरू नका.

बॅटरी, हात आणि बाहेरचं किट

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. डिकीने 15 अँपिअर वीज 6 सेकंद ओढली असं धरा. म्हणजे एका वेळेला 0.025 अँपिअर-तास, 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीपुढे हे काहीच नाही. इंजिन सुरू करताना स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. बॅटरी खरी खाल्ली जाते ती डिकी तासन् तास उघडी ठेवून गप्पा मारत बसल्याने, आतला दिवा आणि जागी राहिलेली युनिटं यांच्यामुळे.

हाताने बंद केली तर मोटर जळते, हेही खरं नाही. वीज गेली तरी दार हाताने हलवता यावं, असाच स्क्रू आणि गिअर ठेवलेला असतो. थोडं जड लागतं, एवढंच. मात्र मोटर चालू असताना तिच्याशी ओढाताण करू नये. ती तुम्हालाच अडथळा समजून उलट फिरेल.

साधी डिकी आपोआप उघडणारी करायचं किट बाहेरून बसवणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा: दांडे याच गाडीच्या दाराच्या वजनाचे आहेत का, आणि वायर कापून जोड देणार की तयार कपलर वापरणार? कापलेल्या वायरवर गाडीच्या वॉरंटीचं भांडण हमखास होतं.

आता ‘मोटर गेली’ या निदानाबद्दल. बॅटरी काढून पुन्हा लावली की युनिटची ठोक्यांची मोजणी पुसली जाऊ शकते. दार कुठे आहे हेच त्याला कळत नाही आणि ते हलायला नकार देतं. अशा वेळी डिकी हाताने बंद करून कुलूप पूर्ण लागू द्यायचं आणि मग बटणाने पूर्ण उघडायची. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने शून्य परत बसतं. तरीही ती मधूनमधून अडत असेल आणि त्याच सुमारास नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर किंवा कॅमेराही रुसत असेल, तर छत आणि दार यांच्यामधली काळी रबरी नळी सोलून पाहायला सांगा. दर उघडझापीला तिच्यातल्या वायरी वाकतात आणि काही वर्षांनी एखादी आतल्या आत तुटते. तुटकी वायर जोडण्याची मजुरी आणि नव्या दांड्याचं बिल यांत फार फरक आहे, तेव्हा नळी आधी उघडा, कोटेशन मग मागवा.