औषध पिकावर पडावे, अंगावर नव्हे



मागील पावसाळ्यात प्लॉट पाहणीच्या फेरीत आम्ही एका आडसाली उसात गेलो. फवारणी चालू होती. मजुराने नाका-तोंडाला टॉवेल घट्ट बांधला होता. पाठीवरच्या पंपाचे झाकण मात्र गळत होते आणि शर्टाची पाठ, विजारीची कंबर ओलीचिंब झाली होती. आम्ही विचारले, तर म्हणाला, "साहेब, तोंडाला बांधलंय की!" त्याच रात्री त्याला घाम सुटला, उलट्या झाल्या. दवाखान्यात दाखल करावे लागले. सुदैवाने माणूस बरा झाला.

त्या शेतावर औषधाचे नाव आणि प्रमाण आम्हीच चिठ्ठीवर लिहून दिले होते. पण औषध मारणाऱ्याने अंगावर काय घालावे, याबद्दल त्या चिठ्ठीत एक अक्षर नव्हते. ही चूक आमची. ती भरून काढावी म्हणून हा लेख.

विष अंगात शिरते कोठून?

बहुतेकांना वाटते, वास नाकात गेला की बाधते. ते खरे आहे, पण अर्धेच. फवारणीच्या कामात बरेचसे औषध कातडीतून आत जाते, आणि अंगाची सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या जुन्या औषधावर माणसांवर चाचण्या झाल्या होत्या. त्यांत असे दिसले की, हाताच्या कोपराखालील भागापेक्षा कपाळाच्या कातडीतून सुमारे चौपट आणि जांघेतील नाजूक जागी जवळजवळ बारापट औषध आत शिरते. आता गळका पंप आठवा. पाझरलेले पाणी पाठीवरून कंबरेत आणि कंबरेवरून नेमके तेथेच उतरते. नाकाला टॉवेल आणि कंबर ओली, म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवण्यासारखे झाले.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कापूस उंच वाढला होता. डोक्याच्या उंचीच्या पिकात फवारा तोंडावर, डोक्यावर परत येतो. आपला ऊस तर कापसापेक्षाही उंच. तेव्हा हा प्रश्न विदर्भाचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये.

आधी तीन प्रश्न, मग साहित्य

साहित्य आणायला दुकानात जाण्यापूर्वी बांधावर उभे राहून तीन प्रश्न विचारा.

पहिला: हे औषध मारणे टाळता येईल का? हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. गावाने मिळून फांद्या हलवून ते गोळा केले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर पुढचा औषधाचा खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड आहेत. जे विष शेतात आलेच नाही, त्यापासून बचाव करावा लागत नाही.

दुसरा: औषध किती जहाल? डब्यावरील त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अति जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. क्लोरपायरीफॉस २० टक्के हे ओळखीचे औषध पिवळ्यात येते. एकच काम दोन औषधांनी होत असेल, तर शिफारशीतील कमी जहाल घ्या. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धास्त, असाही अर्थ काढू नका.

तिसरा: या कामात औषध अंगाच्या कोणत्या भागावर येणार? साहित्याची निवड याच उत्तरावर ठरते.

कामाप्रमाणे साहित्य

डब्यातून औषध ओतणे: पाच मिनिटांचे काम, पण सर्वांत धोक्याचे, कारण औषध निव्वळ असते. हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि पुढे रबरी किंवा प्लॅस्टिकचा एप्रन हवाच. ढवळायला काठी घ्या, हात नव्हे.

बेणेप्रक्रिया: कांड्या बुडवताना हात कोपरापर्यंत द्रावणात जातो. लांब रबरी मोजे आणि एप्रन घ्या.

तणनाशक: फवारा खाली असतो, म्हणून पोटऱ्या आणि पाय भिजतात. गमबूट घाला. विजार बुटात खोचू नका, बाहेरून सोडा. आत खोचली तर ओघळ बुटात साचतो.

उंच उसातील फवारणी: शक्यतो टाळाच. करावीच लागली तर टोपी, पूर्ण बाह्यांचा न भिजणारा कोट, बंद चष्मा आणि कार्ट्रिजचा मास्क लागतो. हात वर करून फवारताना बाही मोज्याच्या आत ठेवा, नाहीतर ओघळ बाहीतून काखेत जातो.

मोजे नायट्राइल रबराचे घ्या. कापडी व चामडी मोजे औषध शोषतात आणि हाताला चिकटवून ठेवतात. घालण्यापूर्वी पाणी भरून छिद्र आहे का पाहा. टॉवेल औषधाने भिजला की तेच औषध नाकाशी धरून ठेवतो. धुळीचा साधा मास्क दाणेदार औषध टाकताना उपयोगी, पण औषधाची वाफ तो अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि पुढे गाळणी असलेला मास्क हवा. दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही. आत वास येऊ लागला की बाहेर या आणि कार्ट्रिज बदला.

"एवढं घालून उन्हात जीव जाईल," असे मजूर म्हणतात. ते चूक नाही. म्हणून काम सकाळी, वारा शांत असताना, थोडे थोडे करा. साहित्य घालवत नाही इतके ऊन असेल, तर ती वेळ फवारणीची नाही असे समजा. आणि गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय पाठीवर घेऊ नका. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी माणूस पणाला लावू नये.

घरच्या माणसांचाही विचार

फवारणीचे कपडे बहुधा घरची बाई उघड्या हातांनी, सगळ्यांच्या कपड्यांत धुते. म्हणजे विष तिच्या हाती जाते. हे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा, धुताना मोजे घाला.

बाधा झालीच तर घाम, लाळ, उलटी, पोटात मुरडा, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर ही लक्षणे ओळखा. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. उलटी करवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. १०८ वर फोन करा आणि औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर न्या. कोणते विष आहे हे कळले तरच डॉक्टरांना नेमका उपाय करता येतो.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. औषध सभासदाचे, ऊस सभासदाचा, पण पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. साहित्य त्याने आणावे अशी अपेक्षा धरणे बरे नाही. ते आपणच द्यावे आणि घातल्याशिवाय सरीत उतरू देऊ नये. आम्हीही यापुढे औषधाच्या चिठ्ठीवर प्रमाणाखाली साहित्य लिहून देऊ. लिहिलेले नसेल, तर आमच्याकडून हक्काने लिहून घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी