तुळई गिलाव्यात जायच्या आधी

वालावलला आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे आहेत, पोफळीच्या बागेचे जुने कागद आहेत आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आहे लालबागच्या खोलीच्या भाडेपावत्यांचा. कर्ली नदीच्या काठावरच्या या गावात अशी पेटी आणखीही पुष्कळ घरांत निघेल. लक्ष्मीनारायणाच्या जत्रेला येणारे चाकरमानी ज्या खोल्यांतून येतात, त्या खोल्यांचे हे कागद. आजोबा गिरणीत लागले तेव्हा ती खोली घेतली. पुढे बाबा तिथे राहिले. आता काका-काकू राहतात. छप्पर मुंबईत असलं तरी ते गळलं की काळजी गावात होते.

काही वर्षांपूर्वी त्या चाळीला टेकू लागले आणि दुरुस्ती निघाली. काम झालं, टेकू गेले, रंग लागला. मागच्या उन्हाळ्यात मी खोलीवर गेलो तेव्हा काका म्हणाले, "तू शिकलंस, तर किती पैसे खर्च झाले ता एकदाचा बघून घी. आमी नुसते जिन्यावरसून चढतंव नि उतरतंव." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्या डोक्यावरच्या तुळईची किंमत माहीत असावी, एवढीच इच्छा होती. त्या एका वाक्यापायी मी सरकारी मोजमाप वाचायला शिकलो.

पैसा येतो कुठून, हे आधी सांगायला हवं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतल्या जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर धरलं. त्याला प्रमाण भाडं म्हणतात. गिरणगावातली माणसं त्यामुळे शहरात टिकली, हे विसरून चालणार नाही. पण मिळणाऱ्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना, आणि पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. या प्रश्नासाठी नेमलेल्या बेडेकर समितीचा अहवाल आला आणि 1969 मध्ये कायदा करून सरकारने इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. महापालिका तो मालमत्ता करासोबत वसूल करते. मोबदल्यात दुरुस्तीची जबाबदारी त्यासाठीच्या सरकारी मंडळाची. तेव्हा उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या, त्यांतल्या 16,502 तर 1940 च्या आधीच्या, 'अ' वर्गातल्या. आमची चाळ त्यातलीच. आज हा एकूण आकडा 13 हजारांच्या आसपास आला आहे. दुरुस्तीचं काम पाहणारं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ 1977 पासून म्हाडाचा भाग आहे. काही इमारतींना आमदारनिधीतूनही पैसा मिळतो. म्हणजे एकाच जिन्यावर दोन खात्यांतून खर्च पडू शकतो. म्हणून कोणतं काम कोणत्या शीर्षाखाली झालं, हा प्रश्न पहिला विचारायचा.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो. मी आधी दोन पानं लिहिली होती, त्यात आजोबाही आले होते. सगळं खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच: अमुक इमारतीच्या अमुक वर्षातील दुरुस्तीचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांचं अवलोकन करायचं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. अर्जात 'प्रती द्या' न म्हणता 'पाहू द्या' म्हणावं, हे एका जुन्या कार्यकर्त्याने सांगितलं होतं. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात, पण पैशांचा प्रश्न नव्हता. आपण मागतो तीच पानं प्रतीत मिळतात. फाइल समोर असली की न मागितलेलं पानही उलटता येतं. आणि बघायला पहिला तास फुकट असतो.

बोलावणं आलं तसा कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने निघालो. पहाटे दादरला उतरलो आणि दुपारी कचेरीत एका टेबलाशी बसलो. लिपिकबाईंनी फाइल आणून ठेवली, पंखा लावून दिला आणि म्हणाल्या, "एमबी आधी वाचा, बाकी सगळं त्यातूनच आलेलं असतं."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. जाड पुठ्ठ्याची लांबट वही, पानांवर छापील क्रमांक. एकही पान फाडायचं नाही, खोडरबर चालवायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर नवा आकडा आणि शेजारी सही. कामाचं नाव, मग संख्या, लांबी, रुंदी, उंची, शेवटी परिमाण. कनिष्ठ अभियंता जागेवर मापं घेतो, वरचा अधिकारी त्यातली काही स्वतः पडताळतो, आणि या आकड्यांना दराने गुणून कंत्राटदाराचं देयक तयार होतं. म्हणजे इमारतीवर झालेल्या खर्चाचा उगम या एका वहीत असतो. कोट्यवधींच्या तरतुदी, अर्थसंकल्प, विधानसभेतली उत्तरं हे सगळं पुढचं. मुळाशी एक माणूस टेप धरून उभा असतो.

मी मापं उतरवून घेतली आणि संध्याकाळी चाळीत टेप घेऊन उभा राहिलो. पुतण्याने दुसरं टोक धरलं. जिन्याच्या पायऱ्या जुळल्या, संडासाच्या फरश्या जुळल्या. गॅलरीच्या कठड्याला मात्र मी थबकलो. वहीत 14.20 मीटर, टेपवर 7.10. बरोब्बर दुप्पट! पुतण्याचे डोळे चमकले, शेजारची दोन माणसं गोळा झाली, एकाने तर पेपरवाल्याला फोन करायची भाषा केली. मी उतरवून घेतलेली नोंद पुन्हा पाहिली. संख्येच्या रकान्यात 2 होते. पहिला मजला आणि दुसरा मजला. आम्ही एकच मजला मोजला होता. त्या पाच मिनिटांत मला कळलं की हिशेब तपासणाऱ्याने आधी हिशेब वाचायला शिकलं पाहिजे. नाहीतर एका प्रामाणिक माणसावर आपण चोरीचा आळ घालून मोकळे होतो.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या चाळीचा सांगाडा सागवानी. कुजलेल्या तुळयांच्या जागी लोखंडी तुळया बसवल्या, आणि गंजू नयेत म्हणून त्यांना काँक्रीटचं आवरण आणि वर गिलावा केला. लोखंडाचे पैसे वजनावर दिले जातात. दीडशे मिलिमीटर उंचीच्या तुळईचं वजन मीटरमागे सुमारे 15 किलो, दोनशेच्या तुळईचं सुमारे 25. वहीत दोनशेची तुळई लिहिलेली आहे. ती दोनशेचीच आहे का? असेलही. मी कुणावर आरोप करत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा गिलाव्याच्या आत आहे. तिथे टेप पोचत नाही. आणि हा फरक फक्त पैशाचा नाही. त्या तुळईखाली काका-काकू झोपतात.

काकांना विचारलं, तुळई बसवली तेव्हा तुम्ही कुठे होता? "हयच. सगळा माझ्या डोळ्यासमोर झाला. पण ता मोजूचा असता, ह्या कोणाक ठावक?"

तिथेच सगळं येऊन थांबतं. आपल्याकडे दुरुस्ती मंडळाची चौकशी होते ती इमारत पडल्यावर. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. अशा प्रत्येक पावसाळ्यात कागद मागवले जातात, बैठका होतात, पुढच्या मे महिन्यात अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. अंमलबजावणीचा जोर वाढवायचा म्हणून म्हाडा कायद्यात 79-अ हे कलम आणलं. धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, मग मंडळ स्वतः. हेतू चांगलाच होता. पण 2025 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाखालच्या 935 नोटिसांना स्थगिती दिली आणि त्या कशा दिल्या गेल्या हे तपासायला निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. इमारत खरोखर धोकादायक आहे हे आधी रीतसर ठरवलं का, हा तिथला कळीचा प्रश्न. म्हणजे पुन्हा मोजमापच. जागेवर कोण गेलं, काय पाहिलं, कुठे लिहिलं.

गावात मला याची निदान सवय आहे. वालावलला पाखाडी झाली की ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारतो, खडी किती ब्रास पडली? उत्तर मिळो न मिळो, विचारायला जागा आहे. रोजगार हमीच्या कामांना तर सामाजिक अंकेक्षण कायद्यानेच सांगितलेलं आहे. मुंबईच्या चाळीला ग्रामसभा नाही. पन्नास खोल्यांची माणसं एकाच जिन्यावरून चढतात, पण त्यांच्याच छपरावरच्या खर्चाचा हिशेब त्यांच्यासमोर वाचून दाखवायची रीत नाही. माझ्या मते ती घालून द्यायला हवी, आणि नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. माप घ्यायच्या दिवशी दोन भाडेकरू हजर, त्यांच्या सह्या वहीच्या पानावर, झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक तुळईचा टेप लावून काढलेला फोटो, आणि जिन्याखाली एक फलक: काम कोणतं, रक्कम किती, कोणत्या निधीतून, कंत्राटदार कोण. याला खर्च जवळजवळ नाही. प्रामाणिक अभियंत्याला तर याचा आधारच होईल.

काकांच्या चाळीत मागच्या भिंतीचं काम अजून व्हायचं आहे. या गणपतीला चाकरमानी गावी आले तेव्हा मी ओटीवर वहीतून उतरवलेली मापं पसरली आणि रकाने कसे वाचायचे ते पाचसहा जणांना दाखवलं. तिघांच्या चाळींना सध्या टेकू लागलेले आहेत. तुमच्याही चाळीला लागले असतील तर काम संपायची वाट पाहू नका. दहा रुपयांचा स्टँप लावा, दीडशे शब्दांत अर्ज लिहा आणि टेप घेऊन जिन्यात उभे राहा. गिलावा व्हायच्या आधी.