किताब आणि कैफियत

एकाच सरकारने एकाच माणसाला प्रथम किताब द्यावा, पुढे सात वर्षांच्या आत त्याला कामावरून दूर करावे, आणि तो निर्दोष असल्याची खात्री पटल्यावरही त्याची मूळची जागा त्याला परत देऊ नये, असा प्रकार हिंदुस्थानच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वाल्डेमार हाफकिन यांच्या बाबतीत घडला. १८९७ साली, महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी वर्षी, त्यांना ‘सी. आय. ई.’ हा किताब मिळाला. १९०२ च्या अखेरीस त्यांच्या नावाला एकोणीस मृत्यूंचा डाग लागला. १९०७ साली तो पुसला गेला. आणि १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. या चार सालांत त्यांची विद्वत्ता वाढली नव्हती की घटली नव्हती. बदलत होते ते त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचे मन.

लसीकरणाच्या कार्यातील नेतृत्वाचा गौरव कसा करावा, हा प्रश्न या चरित्राच्या आधारे विचारण्याजोगा आहे. शल्यवैद्याचे यश उठून बसलेल्या रोग्याच्या रूपाने नातलगांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु ज्याने हजारो लोकांना आजारीच पडू दिले नाही, त्याच्या यशाला देह नसतो, ते केवळ आकड्यांच्या तुलनेतून सिद्ध करावे लागते. उलट, त्याच्या हातून किंवा त्याच्या नावावर एखादा मृत्यू घडला, तर तो मात्र नावागावासह समोर उभा राहतो. अशा कार्यात निःपक्षपाती मोजदाद आणि न्याय्य चौकशी यांवाचून दिलेला मान आणि ठेवलेला ठपका ही दोन्ही सारखीच पोकळ ठरतात, असे माझे मत आहे. आणि हाफकिन यांची मोठी योग्यता अशी, की यांपैकी पहिली गोष्ट त्यांनी स्वतःच्या कामाला आपण होऊन लावून घेतली होती.

१

१८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाफकिन यांनी तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. रशियातील राजकीय दडपशाहीमुळे आणि ज्यूंवरील निर्बंधांमुळे तेथे भवितव्य नाही हे ओळखून ते जिनीव्हाला व तेथून पॅरिसला गेले, आणि पाश्चर यांच्या संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाची किरकोळ जागा पत्करून फावल्या वेळात संशोधन करू लागले. १८९२ च्या जुलैमध्ये त्यांनी पटकीची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तिची परीक्षा जेथे पटकी वर्षानुवर्षे मुक्काम करून आहे तेथेच व्हावयास हवी होती, आणि त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील असलेले, हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या साह्याने ती संधी मिळून १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. वैद्यकाची पदवी नसलेला, रशियन, त्यातून ज्यू, अशा या गृहस्थाकडे इंग्रज लष्करी डॉक्टरांच्या जमातीने प्रथमपासूनच परक्याच्या नजरेने पाहिले. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही नजरही होती.

कलकत्त्याच्या बस्त्यांतून, चहाच्या मळ्यांतून आणि उत्तरेकडील छावण्यांतून दोन-अडीच वर्षांत सुमारे बेचाळीस हजार लोकांना त्यांनी लस टोचली. या कामाची एक रीत होती: सक्ती करावयाची नाही, लोकांसमोर प्रथम आपल्याच अंगात सुई खुपसून घ्यावयाची, आणि एकाच घरातील, एकच पाणी पिणाऱ्या टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची पुढील महिन्यांत काय गत झाली याची टिपणे ठेवावयाची.

२

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे निदान केले आणि शहरावर प्लेगचे सावट पसरले. ऑक्टोबरात हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, तिला लागून असलेला व्हरांडा आणि मोजके मदतनीस एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसरसाच्या द्रवावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडावेत, त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे झुबके खाली लोंबू लागले की भांडे हलवून ते तळाशी पाडावेत, पुन्हा नवे येऊ द्यावेत, आणि असे अनेकदा झाल्यावर त्या द्रवाला उष्णता देऊन जंतू मारावेत, अशी ही कृती होती. द्रवासाठी बकऱ्याचे मांस वापरण्यामागे येथल्या हिंदूंची व मुसलमानांची मने सांभाळण्याचा विचार होता. धर्माच्या नावाने उठणारा आक्षेप उठण्यापूर्वीच ज्याने प्रयोगशाळेत निवारला, त्याला लोकांची पारख होती असेच म्हटले पाहिजे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लसीची, पुढे इतरांना दिली जाई तिच्या तिपटीहून मोठी, मात्रा स्वतः घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण धोका दिसला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांना लस घेण्याविषयी विचारण्यात आले आणि सुमारे निम्म्यांनी होकार दिला. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना रोग होऊन सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. बंदिवानाच्या होकाराला होकार कितपत म्हणावे, हा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो रास्तच आहे. तरी ज्या काळात कैद्याला विचारण्याची गरजच कोणाला वाटली नसती, त्या काळात विचारले गेले, ही नोंदही त्याच्या शेजारी असावी.

या साऱ्याचे मोल कळण्यासाठी त्याच वेळी सरकारची दुसरी राजवट कशी चालली होती ते आठवावे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला होता. घरे झडत होती, सामान जळत होते, बायामाणसांची तपासणी होत होती, रोगी इस्पितळात आणि धडधाकट माणसे छावणीत ओढून नेली जात होती. मुंबईत गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुण्यात २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले मार्च महिन्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या होत्या. एकीकडे दंडुका आणि दुसरीकडे सुई, दोन्ही सरकारचीच. लोकांनी त्यांत भेद करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? तरीही भेद केला गेला. खोजा समाजाचे तरुण इमाम आगाखान यांनी लोकांदेखत लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना तसे सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी आपला ‘खुश्रू लॉज’ हा बंगला मोकळा करून दिला. टोचण्यासाठी हात पुढे झाले ते अशा विश्वासातल्या माणसांच्या शब्दावर, आणि ही गोष्ट हाफकिन यांना त्यांच्या वरिष्ठांपेक्षा आधी उमगली होती.

३

हाफकिन यांच्या मोजदादीची सर्वांत कडक कसोटी लागली ती बडोद्याजवळच्या उंधेरा नावाच्या खेड्यात, १८९८ च्या फेब्रुवारीत. प्लेग गावात शिरलेला होता. प्रत्येक कुटुंबातील माणसांचे वय, लिंग व प्रकृती पाहून दोन सारखे गट पाडण्यात आले. एका गटाला लस दिली, दुसऱ्याला दिली नाही. पुढे हिशेब झाला तेव्हा टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना रोग होऊन ३ वारले होते. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना रोग झाला होता आणि त्यांतील २६ मृत्युमुखी पडले होते. एकाच छपराखाली, एकाच ताटातले खाणाऱ्या भावाभावांतील हा फरक होता.

हे आकडे वाचताना मन दोन बाजूंना ओढले जाते. ज्यांना लस मिळाली नाही, त्या चौसष्टांतील सव्वीस जणांच्या मरणाचा हिशेब ज्ञानाच्या जमेस धरला गेला, आणि आजच्या नीतिनियमांनुसार असा प्रयोग भर साथीत सहजी मंजूर होणार नाही. परंतु लस सर्व रोग टाळते असा दावा हाफकिन यांनी केला नाही, टोचलेल्यांतील तीन मृत्यू झाकले नाहीत, आणि आपली लस निष्फळ असेल तर ते उघड व्हावे अशीच मांडणी त्यांनी केली, हेही तेवढेच खरे. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्या, त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला वास्तव्य हलविले होते; पटकीने ओस पाडलेल्या त्या वास्तूत पटकीच्या लसीचा कर्ता प्लेगची लस करू लागला. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा रवाना झाल्या.

४

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. ५३-एन या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली, त्या एकोणीस जणांना आठवड्याच्या सुमारास धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. मागणी वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस सिद्ध करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते व केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे आयोगाच्या डोळ्यांत भरले. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, तिच्यात जंतू शिरले असावेत असा त्याने निष्कर्ष काढला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक मुलकोवालच्याच कागदांत दुसरी बाजू नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरण्यात आला होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तिचा वास घेऊन पाहिला होता व काही वावगे जाणवले नव्हते. धनुर्वाताचे जंतू त्या द्रवात कित्येक आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला तेव्हा हीच बाजू वजनदार ठरली. तरीही कागद दप्तरात पडून राहिले. शेवटी २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. या प्रकरणाला ‘छोटे द्रेफ्यूस प्रकरण’ म्हटले गेले, यात नवल नाही. देशद्रोहाचा खोटा आरोप झालेले फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी द्रेफ्यूस यांना निर्दोष ठरवून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

पुन्हा घेतले, म्हणजे कसे? मुंबईची जागा तोवर दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली, परंतु माणसांवर लसीची परीक्षा करण्याचे मोठे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. पहिले महायुद्ध पेटले त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे अविवाहित व एकाकी अवस्थेत निधन पावले. संस्थेला त्यांचे नाव दिल्याचे कळले तेव्हा, आयुष्यातील उत्तम वर्षे आपण मुंबईत खर्ची घातली, अशा आशयाचे त्यांनी लिहिले होते. १९६४ साली स्वतंत्र भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

५

या सर्वांवरून गौरवाचा निकष काय ठरतो? लस शोधणे ही बुद्धीची करामत होय. लसीकरणाचे नेतृत्व हा वेगळा गुण आहे, आणि त्याची पहिली खूण अशी की नेता ज्यांना टोचले त्यांच्याइतकीच ज्यांना टोचले नाही त्यांचीही मोजणी करतो. आपल्याच काळातील पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहिले जाई. ‘पी’ म्हणजे काम पुरे झालेले घर. ‘एक्स’ म्हणजे मूल राहून गेलेले, बाहेरगावी असलेले अथवा आईबापांनी नकार दिलेले घर. मोहिमेचा कस त्या ‘एक्स’च्या दारी पुन्हापुन्हा जाणाऱ्या सेविकेच्या चिकाटीत होता, आणि भारतातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला, तो याच चिकाटीमुळे अखेरचा ठरला. पारितोषिके मात्र बहुधा एकूण मात्रांच्या बेरजेवर दिली जातात, आणि बेरजेत ‘एक्स’ दिसत नाही.

दुसरी खूण संमतीची. आगाखानांच्या एका कृतीने जे साधले, ते झडतीच्या फौजेला साधले नाही. म्हणून ज्या अधिकाऱ्याच्या टापूत नकार देणारे आपण होऊन पुढे येऊ लागतात, त्याचे मोल शंभर टक्क्यांची फर्माने काढणाऱ्यापेक्षा अधिक धरावे.

तिसरी खूण कसोटीच्या वेळची, आणि ती नेत्याइतकीच सरकारचीही परीक्षा असते. टोचल्यावर अपाय झाला, तर तो कोणाच्या हातून, कोणत्या बाटलीमुळे, कोणत्या क्षणी, हे पूर्वग्रहाविना शोधण्याची सोय असली पाहिजे. आज प्रत्येक कुपीचा गट क्रमांक नोंदला जातो, उघडलेली कुपी ठरावीक मुदतीनंतर टाकून दिली जाते आणि लसीकरणोत्तर अपायांची छाननी करणाऱ्या समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. या व्यवस्थेमुळे गावच्या परिचारिकेवर नाहक आळ येत नाही आणि मृताच्या कुटुंबाला खरे उत्तर मागण्याचा हक्क राहतो. १९०२ साली दोन्ही पक्षांना ही सोय नव्हती: मुलकोवालच्या एकोणीस घरांना उत्तर मिळाले नाही आणि हाफकिन यांना न्याय मिळाला तो पाच वर्षांनी, अपुरा. म्हणून आरोग्यखात्याच्या कोणत्याही गौरवसमारंभात मानपत्र देणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार ठेवावे: उद्या याच माणसाच्या हाताखाली एखादी बाटली नासली, तर त्याची कैफियत आपण किती दिवसांत आणि किती मोकळ्या मनाने ऐकणार आहोत?