नवजोत अल्ताफ यांची शिल्पकला आणि प्रेक्षकाचा सहभाग : एक आकलन

प्रस्तावना :
शिल्प म्हटले की चौथरा, कठडा आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांसमोर येते. या संकेताला छेद देणाऱ्या नवजोत अल्ताफ यांच्या कलाप्रवासाचे सिंहावलोकन घडविणारे प्रदर्शन डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते. नॅन्सी अदजानिया यांनी त्याचे संयोजन केले होते. त्यानिमित्ताने नवजोत यांच्या शिल्पांतील सहभागाचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सहभागाचे स्वरूप :
१९४९ मध्ये मेरठ येथे जन्मलेल्या नवजोत यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी बस्तरमधील कोंडागाव येथे शांतीबाई, राजकुमार व गेसूराम या स्थानिक कलावंतांसमवेत काम सुरू केले. त्यातून ‘नलपार’ आणि ‘पिला गुडी’ या रचना साकारल्या.

‘पिला गुडी’ म्हणजे मुलांचे मंदिर. मुलांनी येथे जमावे, खेळावे, गोष्टी ऐकाव्यात, अशी ही वास्तू आहे. ‘नलपार’ ही हातपंपाभोवतीची शिल्परचना होय. सांडपाण्याचा निचरा आणि भरलेले भांडे मध्येच टेकविण्यासाठी जागा, हे तिचे वैशिष्ट्य आहे. हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घेण्याऐवजी दोन टप्प्यांत उचलता येत असल्याने पाठीवरील ताण कमी होतो. येथे पाणी भरणारी स्त्री हीच रसिक आहे. हंडा टेकविणे हाच तिचा आस्वाद आहे.

सिंहावलोकनाची मर्यादा :
अशी कृती कलादालनात छायाचित्रे व चित्रफितींच्या रूपानेच येऊ शकते. दालनात नलपार दिसतो, पाणी मात्र नसते. म्हणून ‘सहभागी कला’ ही संज्ञा वापरताना सहभाग कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

समारोप :
पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठीची पायपीट अकोल्याच्या वाचकास अपरिचित नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपले विद्यार्थी गावातील भिंतींवर घोषवाक्ये रंगवितात. त्याऐवजी हातपंपाजवळचा ओटा किती उंच असावा, हे पाणी भरणाऱ्या महिलांना विचारून तो त्यांच्यासमवेत बांधला, तर कलाशिक्षण आणि समाजशिक्षण यांतील अंतर निश्चितच कमी होईल, असे वाटते.