घोडीच्या नावाने उघडलेले कुलूप

दापोलीतील एका शाळेच्या विज्ञान मंडळात मी गेलो असताना आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, व्हिडिओ गेमची सेव्ह फाइल बदलली तर सगळा कन्सोल आपल्या ताब्यात येतो का?" वर्गशिक्षक अवघडले. त्यांना प्रश्नात चोरीचा वास आला. प्रश्न मात्र संगणकशास्त्राच्या गाभ्यातला आहे. उत्तर असे, की एरवी येत नाही; पण काही वेळा आला आहे.

सेव्ह फाइल म्हणजे खेळ थांबवताना केलेली नोंद. आपण कोणत्या टप्प्यावर होतो, गुण किती, पात्राचे नाव काय, एवढीच माहिती तिच्यात असते. गुणांचा आकडा बदलला तर गुण बदलतील. यंत्राचे कुलूप उघडणार नाही. मग ते उघडते कसे?

हे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर ओळीने १२ चौकटी आखा. पहिल्या ८ 'नावा'साठी आणि पुढच्या ४ 'पान क्रमांका'साठी. शेवटच्या चौकटींत ००४७ लिहून ठेवा. एका विद्यार्थ्याला सांगा, "चिठ्ठीतले नाव पहिल्या चौकटीपासून लिही, एका चौकटीत एक अक्षर. मग पान क्रमांक वाच, पुस्तकाचे ते पान उघड आणि तिथे सांगितलेली कृती कर." चिठ्ठीत 'सदाशिव' असेल तर ४ चौकटी भरतील आणि ४७वे पान उघडेल. आता दुसरी चिठ्ठी द्या: 'कखगघचछजझ०११२'. आज्ञाधारक विद्यार्थी सगळे लिहीत जाईल, ००४७ पुसले जाईल आणि तो ११२वे पान उघडेल. तिथे आपण आधीच दुसऱ्या कृतीची चिठ्ठी ठेवलेली असेल, तर तो तीही करेल!

विद्यार्थ्याने एकही आज्ञा मोडली नाही. नाव किती लांब आहे हे मोजायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. संगणकाचेही असेच होते. त्याच्या स्मृतीत माहिती आणि आज्ञा दोन्ही अंकांच्याच रूपात असतात. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५च्या अहवालात मांडलेल्या रचनेचे हे मोठे सामर्थ्य आहे आणि दुबळेपणही. जागेबाहेर सांडलेल्या माहितीने 'पुढे कुठे जायचे' हा पत्ता पुसला जाण्याला 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात.

निन्टेंडो कंपनीच्या 'वी' या कन्सोलवर २००८मध्ये नेमके हेच घडले. 'झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस' या खेळात नायकाच्या घोडीला नाव देता येते. पडद्यावर मोजकीच अक्षरे टाइप करता येत. पण सेव्ह फाइल वाचताना खेळ नावाची लांबी पुन्हा तपासत नसे. ती फाइल आपणच लिहिलेली, मग तपासायची कशाला? 'टीम ट्विझर्स' या गटाने फाइलमध्ये फार लांब नाव भरले, त्यामागे स्वतःच्या आज्ञा ठेवल्या आणि कन्सोलवर कंपनीची परवानगी नसलेल्या आज्ञावल्या चालू लागल्या.

फाइलवर गणिती सही असे; मजकूर बदलला की सही जुळत नसे. पण सही करण्याची गुप्त किल्ली यंत्रातच होती आणि एका यंत्रातील किल्ली या मंडळींनी मिळवली होती. पाकिटावरचा शिक्का पत्र कोठून आले ते सांगतो. आतला मजकूर निर्धोक असल्याची हमी देत नाही.

जून २००८मध्ये कंपनीने अशा फाइली शोधून पुसणारी सुधारणा आणली. त्या गटाने तिच्यातूनही वाट काढली. मूळ चूक विकल्या गेलेल्या चकत्यांवर होती. ती तिथे दुरुस्त कशी करणार? त्याआधी २००३मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स'ही बदललेल्या सेव्ह फाइलींनी असाच उघडला गेला होता.

आता स्मृतीच्या काही भागांवर 'येथे फक्त माहिती, आज्ञा नाहीत' अशी खूण असते. खेळाला यंत्राचे सर्व अधिकारही दिले जात नाहीत. त्यामुळे केवळ सेव्ह फाइलने काम भागणे कठीण झाले आहे.

ही गोष्ट खेळापुरतीच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट अशीच होती: ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट पाठवण्याची.

त्या मुलाला काय सांगावे? कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणे आपल्याकडे २०१२च्या कायदादुरुस्तीपासून गुन्हा आहे, हे सांगावेच. पण प्रश्न विचारल्याबद्दल रागावू नये. त्याला गुणपत्रिकेची छोटी आज्ञावली लिहायला द्यावी आणि गुणांच्या जागी १००० टाकून पाहावे. ती मुकाट्याने स्वीकारत असेल, तर ०पेक्षा कमी आणि १००पेक्षा जास्त आकडा नाकारणारी ओळ त्यालाच लिहू द्यावी. कुलूप कसे उघडते हे कळलेला मुलगाच उद्या चांगले कुलूप बनवू शकेल.