कुठवर आला?

"कुठवर आला?" आमच्या मुलुंडच्या घरात सकाळचा चहा या प्रश्नाशिवाय गाळला जात नाही. विचारणार आमची सौ., आणि उत्तर देणार मी, निवृत्त माणूस. चिरंजीव मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहेत.

पूर्वी पुढच्या बंदरातून पत्र येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. आता मी मोबाइलवर जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक टाकतो. जहाजाचं नाव बदलो, झेंडा बदलो, हा क्रमांक जन्मभर तोच. लगेच नकाशावर ठिपका दिसतो. लांबी-रुंदी, बांधणीचं साल, मागची बंदरं, सगळं हजर! जहाज किती मीटर पाण्यात बुडालंय, त्यावरून माल किती असेल हेही मी हिला ऐटीत सांगायचो.

जानेवारी २०२४ मध्ये ही ऐट उतरली. जहाज कोलंबोहून रॉटरडॅमला निघालं आणि दुसऱ्या दिवशी ठिपका थिजला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालले होते. "आम्ही सुएझने जाणार नाही, आफ्रिकेला वळसा घालू," असं मुलगा म्हणाला होता खरा, पण बापाचं मन! तिकडून फोनही नाही. हिने विचारलं की मी म्हणायचो, "चाललाय व्यवस्थित." असे चार दिवस गेले.

शेवटी जहाजावरूनच निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना गाठलं. ते हसले. "अहो, जहाजावरचं एआयएस यंत्र दर काही सेकंदांनी रेडिओवरून आपली जागा सांगतं. किनाऱ्यावरच्या केंद्राला ते साधारण ७०-८० किलोमीटरपर्यंतच ऐकू येतं. पुढे उपग्रह लागतो, त्याचे बहुधा पैसे पडतात. तुमचं फुकटातलं!" आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना २००४ अखेरपर्यंत हे यंत्र सक्तीचं झालं, ते जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून, आईबापांच्या सोयीसाठी नव्हे. पुढच्या बंदराचं नाव आणि जहाज किती बुडालंय तो आकडा माणसंच हाताने भरतात, तेव्हा त्यातही चूक होऊ शकते.

घरी येऊन हिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. चार दिवस तुम्ही मोबाइल उशाशी घेऊन झोपताय."

नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' आगबोट, लोकांची 'वीजळी', शेकडो माणसांसह नाहीशी झाली. किनाऱ्यावरच्या घरांनी किती दिवस वाट पाहिली असेल! त्यांच्याकडे ठिपकाही नव्हता.

दहाव्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आमचा ठिपका पुन्हा हलला. दोन दिवसांनी फोन आला. जहाजावरचं इंटरनेट बंद होतं, एवढंच! "बाबा, मी मजेत आहे. आईला सांगा, जेवतोय."

ते मात्र कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

आता ती विचारते, "कुठवर आला?" मी सरळ सांगतो, "आज दिसत नाही. खोल समुद्रात आहे."

"बरं," म्हणते आणि चहा गाळते.