नवी सवय टिकवायची तर वेळ आणि जागा ठरवा

दरवर्षी १ एप्रिलला पुष्कळ दुकानांत नवी वही येते. चार-आठ दिवस जमाखर्च नीट लिहिला जातो आणि पंधरवड्यात ती वही गल्ल्याखाली जाऊन पडते. बचतीचे, उधारी आवरण्याचे आणि दुकान वेळेवर उघडण्याचेही असेच होते. मग माणूस स्वतःला दोष देतो, ‘हे आपल्याच्याने होणार नाही.’ वास्तविक कमतरता बहुधा इच्छेची नसून मांडणीची असते. निश्चय होतो, पण तो कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणत्या कामानंतर पाळायचा, हे ठरलेले नसते.

वाशीच्या बाजाराचा धडा

याचे मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार आला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मसाला व धान्य आले आणि १९९६ साली फळे व भाजीपाला. क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, मशीद बंदर या भागांत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या होत्या, त्यांना हे स्थलांतर नकोसे होते. गिऱ्हाईक इतक्या लांब येईल का, हा प्रश्न रास्त होता. मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली तीच मुळी ९ मे १९९२ रोजी.

तरीही नवा दिनक्रम अंगवळणी पडला. घरून निघण्याची वेळ, गाडी, गाळा उघडण्याची घटका, वसुलीची फेरी हे सारे बदलले. ते दररोज नवा निश्चय करून बदलले नाही. माल इथेच उतरू लागला, शेजारचा गाळा उघडू लागला आणि खरेदीदार त्याच वेळी दारात येऊ लागले. जागा व वेळ यांनीच माणसाला कामाला लावले.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच दाखवतो. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वृत्तपत्रवाचन व टीव्ही पाहण्याच्या सवयी त्यांनी तपासल्या. जिथे भोवतालची परिस्थिती पूर्वीसारखी राहिली तिथे सवय टिकली, आणि परिस्थिती बदलली तिथे ती सुटली. म्हणजे सवय जशी माणसात असते, तशी ती त्याच्या भोवतालच्या जागेतही असते.

अडचण एवढीच की, वैयक्तिक ध्येयासाठी दारात ट्रक उभा राहत नाही. ती सक्ती आपली आपणच तयार करावी लागते.

ध्येय वेगळे, सवय वेगळी

‘यंदा धंदा वाढवायचा’ ही इच्छा झाली. ‘मार्चअखेर नवी मशीन घ्यायची’ हे ध्येय झाले. आणि ‘दररोज दुकान बंद करताना दोनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे’ ही सवय झाली. ध्येय वर्षातून एकदा गाठले जाते, सवय मात्र रोज पाळावी लागते. दिवसाला २०० रुपये आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ६०,००० रुपये होतात. शिलाई काम करणाऱ्या किंवा छोटे फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागिराला ही रक्कम किरकोळ नाही.

म्हणून ध्येय ठरवताना तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : रक्कम किंवा संख्या, शेवटची तारीख आणि त्यासाठी रोज करायचे एकच काम. एका वेळी एकच सवय धरावी. जमाखर्च, बचत, वसुली, व्यायाम असे सारे एकाच दिवशी सुरू करणारा बहुधा सारेच सोडतो.

‘हे झाले की ते’

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली एक साधी पद्धत मांडली. नुसते ‘मी हिशोब लिहीन’ असे न म्हणता, ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असे आधीच ठरवायचे. असे ठरवणारे लोक आपला निश्चय अधिक वेळा पार पाडतात, असे पुढील अनेक अभ्यासांत आढळले.

आपल्या दुकानदार बांधवांना यासाठी खुंटी शोधण्याची गरज नाही. पाच नमाजांनी त्यांचा दिवस आधीच बांधलेला आहे. ‘जोहरची नमाज पढून परत आलो की पहिले दोन उधारीचे फोन करीन.’ ‘इशापूर्वी शटर ओढण्याआधी रोजमेळ लिहीन.’ ‘जुम्म्याच्या नमाजनंतर आठवड्याची येणी-देणी पाहीन.’ नमाजच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, पण नमाजमागून येणारे काम तिच्याबरोबरच सरकते. घड्याळातील ठराविक वेळेपेक्षा ही खुंटी पक्की ठरते.

वाट सोपी करा

चांगल्या कामाच्या वाटेतील अडथळे काढावेत आणि नको त्या कामाच्या वाटेत घालावेत. रोजमेळाची वही कपाटात न ठेवता गल्ल्यावर ठेवावी आणि पेन तिला दोरीने बांधावे. बचतीचा डबा दुकानात हाताशी नसावा. तो घरी जावा किंवा रक्कम दर आठवड्याला वेगळ्या खात्यात भरावी.

यूपीआयमुळे गिऱ्हाइकाची सोय झाली, पण एक जुनी सवय मोडली. पूर्वी संध्याकाळी नोटा मोजताना दिवसाचा धंदा कळत असे. आता निम्मी विक्री मोबाईलमध्ये जाते आणि त्याच खात्यातून घरचे वीजबिल, मुलांची फी व मालाचे पैसेही जातात. महिन्याअखेर फायदा किती झाला, हे सांगता येत नाही. धंद्याचे खाते वेगळे आणि घरचे वेगळे, हा बदल एकदाच करावा लागतो; पुढची सवय त्यामुळे अर्धी सोपी होते.

किती दिवस लागतात?

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नवे काम अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाण्याचा ग्लास पिण्यासारखे सोपे काम लवकर रुजले, व्यायामाला वेळ लागला. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला म्हणजे आपण हरलो, असे समजू नये.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. लग्नकार्य, आजारपण, गावची फेरी यांत खाडा होणारच. सलग दुसरा दिवस चुकू द्यायचा नाही, एवढा नियम पुरे.

रमजानमध्ये झोप, जेवण व दुकानाच्या वेळा सगळ्याच बदलतात. या महिन्यात जुनी सवय सुटण्याचा धोका असतो, तशीच नवी लावण्याची संधीही असते. मात्र ईदनंतर दिनक्रम पुन्हा बदलणार, म्हणून ईदनंतरची खुंटी कोणती, हे शेवटच्या आठवड्यातच ठरवून ठेवावे.

न लिहिण्याची किंमत

रोजमेळ न लिहिण्याची किंमत रोख मोजावी लागते. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. दरमहा विवरण भरणाऱ्यांना ३-बी विवरण पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावे लागते. उशीर झाल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार शून्य असल्यास २० रुपये) आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज पडते. वीस तारखेच्या आदल्या रात्री बिले शोधणाऱ्याची बिले हमखास हरवतात.

जकातीचेही तसेच. ज्यांच्यावर ती लागू होते, त्यांना शिल्लक माल, रोकड आणि वसूल होण्याजोगी येणी धरून अडीच टक्क्यांचा हिशोब करायचा असतो. वही नसेल तर तो अंदाजपंचे होतो, आणि अंदाज बहुधा आपल्या सोयीचाच निघतो.

सवय एकट्याने लावण्यापेक्षा कोणाला तरी सांगून लावावी. भागीदार, पत्नी, थोरला मुलगा किंवा शेजारचा दुकानदार यांपैकी एकाने दर जुम्म्याला वही पाहायची, एवढे ठरले तरी खाडे कमी होतात. कारखान्यात शागीर्द असतील तर उस्तादाने त्यांच्यासमोरच हिशोब लिहावा. हाताचे काम ते पाहूनच शिकतात, तशी वहीचीही सवय पाहूनच लागते.

सुरुवातीला पूर्ण खतावणीचा हट्ट नको. आज शटर ओढण्यापूर्वी तीन आकडे लिहावेत : आजची विक्री, आजचा खर्च, आजची उधारी. दोन मिनिटांचे काम आहे. तेच उद्या, त्याच जागी, त्याच वेळी करावे.